ताईच्या रक्तात पुढचे काही दिसेल का?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला (वय ४९) मेंदूतील रक्तस्राव झाला असून ती अतिदक्षता विभागात आहे. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडीतल्या धमनीतून नळी घालून मेंदूतील धमनीचा फुगा कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करण्यात आला. आज दाखल करून सहा दिवस झाले. हाक मारली की ती डोळे उघडते, ओळखते, दोन शब्द बोलते. दाखल करण्याच्या दोन दिवस आधी तिचे डोके अचानक फुटेल असे दुखले होते आणि उलट्या झाल्या होत्या. आम्ही पित्त समजून घरीच थांबलो. डॉक्टर रोज एकच सांगतात, ‘धोका अजून टळलेला नाही, चौदा दिवस जाऊ द्या.’ माझ्या भाच्याने इंटरनेटवर वाचले की रक्तातील काही बायोमार्करवरून, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या द्रव्यांवरून, पुढे गुंतागुंत होणार की नाही हे आधीच कळते. ताईच्या रिपोर्टमध्ये ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतले प्रथिन) आणि सीआरपी (दाहाची खूण) वाढलेले आहे, आणि त्याने हिशेब करून न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण १२ काढले आहे. ते फार वाईट असल्याचे तो म्हणतो. एस१००बी, एनएसई आणि जीएफएपी या चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्याव्यात का? डॉक्टर आमच्यापासून काही लपवत आहेत का? आमची आईही ५२व्या वर्षी ‘डोके दुखते’ म्हणता म्हणता तासाभरात गेली. मग आम्हा भावंडांनीही असे रक्त तपासून घ्यावे का?

उत्तर : तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी दोन ओळींचे उत्तर तुम्हाला पाठवले होते, कारण या आजारात दिवस मोजून असतात आणि सदर मात्र त्याच्या ठरल्या वारीच निघते. त्या ओळी अशा होत्या : रक्त बाहेर पाठवू नका, आणि ती पहिली डोकेदुखी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता सुरू झाली, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच्या आज सांगा. आता कारणे सांगतो, कारण अशा प्रसंगी नुसता ‘नको’ हा शब्द नातेवाइकांच्या मनाला पुरत नाही, आणि पुरूही नये.

आधी दुसऱ्या ओळीविषयी. तुम्ही दाखल केल्यापासूनचे दिवस मोजत आहात. आजार फुगा फुटल्यापासूनचे दिवस मोजतो. अचानक, क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी आणि उलट्या हे वर्णन पित्ताचे नसून बहुधा पहिल्या रक्तस्रावाचेच आहे, आणि तसे असेल तर आजचा दिवस सहावा नव्हे, आठवा ठरतो. यात तुमचा दोष काढण्याचा हेतू नाही. ही चूक इतक्या घरांत होते की तिला चूक म्हणायलाही मन धजत नाही. परंतु रक्तातील कोणत्याही आकड्याचा अर्थ ‘कितव्या दिवशीचा’ हे ठाऊक असल्याशिवाय लागत नाही, आणि डॉक्टर ज्या चौदा दिवसांविषयी बोलतात तेही तिथूनच मोजले जातात.

ते चौदा दिवस कुठून आले, हे समजले तर डॉक्टर काही लपवत असल्याची शंका आपोआप दूर होईल. मेंदूच्या आवरणांमधील पोकळीत पाण्यासारखा द्रव असतो आणि मेंदूच्या मोठ्या धमन्या त्या द्रवातून जातात. फुगा फुटला की रक्त या द्रवात पसरते आणि धमन्यांच्या भोवती साकळून राहते. फुगा कॉइलने बंद केल्यामुळे पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला, हे खरे. पण आधीच सांडलेले रक्त तिथेच आहे. काही दिवसांत त्यातील तांबड्या पेशी फुटू लागतात व हिमोग्लोबिन मोकळे होते. धमनीला सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला हे मोकळे हिमोग्लोबिन टिपून घेते, आणि धमनी आवळत जाते. त्याच सुमारास अतिबारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, दाह वाढतो, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून चेतापेशींना काही काळ निष्क्रिय करणाऱ्या विद्युत् लाटा पसरतात. या सगळ्याच्या मेळातून मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडू लागते. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, दहांपैकी सुमारे तीन रुग्णांत हे घडते, आणि ज्या गुंतागुंतीचे भाकीत करता यावे म्हणून संशोधक रक्तात खुणा शोधत आहेत ती प्रामुख्याने हीच. ‘चौदा दिवस जाऊ द्या’ हे टाळाटाळीचे वाक्य नाही. पत्रातील वर्णनावरून तरी मला ते प्रामाणिक वाटते.

आता भाच्याने सुचवलेली तीन नावे. तिन्ही मेंदूतील प्रथिने आहेत : एनएसई मुख्यतः चेतापेशींत असते, तर एस१००बी आणि जीएफएपी त्यांना आधार देणाऱ्या पेशींत. पेशींना इजा झाली की ती बाहेर पडतात आणि थोड्या प्रमाणात रक्तात उतरतात. रक्तात त्यांची पातळी जास्त असलेल्या रुग्णांच्या गटात पुढचा काळ अधिक कठीण जातो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. भाच्याने वाचले ते खोटे नाही. मात्र ही प्रथिने प्रामुख्याने झालेल्या इजेचा हिशेब सांगतात, होऊ घातलेल्या इजेचा नव्हे; आणि पहिल्या दिवशी किती इजा झाली हे सीटी स्कॅनवरून व रुग्ण किती शुद्धीवर आहे यावरून डॉक्टरांना आधीच ठाऊक असते.

शिवाय ही प्रथिने वाटतात तितकी मेंदूशी एकनिष्ठ नाहीत. एस१००बी चरबीच्या आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतही असते, आणि काही तासांतच रक्तातून ओसरते. त्यामुळे सकाळचा नमुना आणि संध्याकाळचा नमुना वेगळी गोष्ट सांगू शकतो. एनएसई तांबड्या रक्तपेशींतही भरपूर असते. रक्ताची नळी फिरवून पेशी खाली बसवल्यावर वर जो फिकट पिवळा द्रव उरतो, त्याला कधी कधी गुलाबी छटा आलेली असते. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले, किंवा नळी लांबच्या प्रवासात हिंदकळली, की पेशी फुटून अशी छटा येते, आणि मग एनएसईचा आकडा वाढतो तो मेंदूमुळे नव्हे तर नळीतल्या फुटलेल्या पेशींमुळे. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याला माझा जो विरोध आहे, त्यातले हे सर्वांत साधे कारण आहे. जीएफएपीचे गुण अधिक चांगले आहेत. यूसीएच-एल१ या दुसऱ्या प्रथिनासोबत त्याच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली परवानगी दिली. पण ती डोक्याला सौम्य मार लागल्यावर सीटी स्कॅनची गरज आहे का, एवढे ठरवण्यासाठी. तुमच्या बहिणीचा प्रश्न तो नाही. तिच्या आजारात जीएफएपी कितीच्या वर गेले म्हणजे काय करावे, याची सर्वमान्य सीमारेषा नाही, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या संचांवर मोजलेले आकडे एकमेकांशी सरळ ताडूनही पाहता येत नाहीत.

समजा, या सगळ्यावर मात करणारी एक चांगली चाचणी उद्या हाती आली. ज्यांना गुंतागुंत होणार त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना ती ओळखते आणि ज्यांना होणार नाही त्यांच्यापैकी ७० टक्क्यांना निर्धोक ठरवते, असे धरू. हे आकडे मी केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. अशा १०० रुग्णांपैकी ३० जणांना गुंतागुंत होणार. त्यांतले २४ जण चाचणीत ‘धोका’ म्हणून सापडतील आणि ६ जण निसटतील. उरलेल्या ७० पैकी २१ जणांना विनाकारण ‘धोका’ असा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या ४५ जणांपैकी २४ जणांनाच खरोखर त्रास होणार : निम्म्याहून जरासे अधिक. आणि ज्या ५५ जणांना चाचणीने निश्चिंत राहा असे सांगितले, त्यांतही ते निसटलेले ६ जण असणारच. आता तुम्हीच सांगा, चाचणी निर्धोक म्हणाली म्हणून डॉक्टर तासागणिक तपासणे थांबवतील का? किंवा धोका म्हणाली म्हणून आजपेक्षा अधिक काही करतील का? दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून दिले जाणारे निमोडिपिन हे औषध, सामान्यतः दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम असे २१ दिवस, या प्रकारच्या सगळ्याच रुग्णांना देतात. त्यासाठी कोणत्याही बायोमार्करची वाट पाहत नाहीत.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटच्या प्रमाणाविषयी थोडक्यात. रोजच्या रक्तगणनेत न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट ७ टक्के असतील तर भागाकार १२ येतो, एवढाच तो हिशेब आहे. शरीरावर मोठा आघात झाला की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मेंदूतील रक्तस्राव हा तसा आघात आहेच. जंतुसंसर्गानेही हे प्रमाण वाढते आणि स्टेरॉइडचे औषध चालू असेल तर नुसत्या त्या औषधानेही वाढते. सीआरपीचे तसेच. या दोन्ही आकड्यांवरून डॉक्टर विचारतील तो प्रश्न ‘पुढे काय होणार’ हा नसून ‘छातीत, लघवीत किंवा सलाइनच्या जागी कुठे संसर्ग तर सुरू नाही ना’ हा असेल, आणि त्याचे उत्तर शोधता येते. भाच्याला सांगा की भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

ट्रोपोनिनचे प्रकरण वेगळे आहे, आणि ते मी मनापासून उपयोगी मानतो. फुगा फुटतो त्या क्षणी शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदयाचा स्नायू त्या माऱ्याने काही काळ बधिर होतो. हृदयाच्या धमन्यांत अडथळा नसतानाही ट्रोपोनिन वाढते ते त्यामुळे. हा हृदयविकाराचा नेहमीचा झटका नव्हे आणि बहुतेकांत हृदय काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरते. पण मेंदूला रक्त कमी पडू लागले तर डॉक्टरांना रक्तदाब मुद्दाम वाढवावा लागतो आणि ते काम बधिर हृदयावर पडते. म्हणून ट्रोपोनिन वाढलेले दिसले की हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घेतात. आकड्याने पुढची कृती ठरते, हा इथला फरक. ‘इको झाला का, आणि हृदयाची ताकद कशी आहे,’ हे तुम्ही नक्की विचारा.

मला मात्र तुमच्या संपूर्ण पत्रात ज्या आकड्याची अनुपस्थिती खटकली तो आकडा सोडियमचा आहे. तो कोणी नव्याने शोधलेला नाही, त्याला बायोमार्कर असे भारदस्त नावही कोणी देत नाही, आणि म्हणून इंटरनेटवरच्या यादीत तो भाच्याच्या नजरेतून सुटला असावा. निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ असते. या आजारात ते घसरणे फार सामान्य आहे, आणि ते बहुधा याच धोक्याच्या दिवसांत घसरते. परवा १३९, काल १३६, आज १३२ अशी उतरण दिसली तर त्या उतरणीला कोणत्याही एका महागड्या प्रथिनापेक्षा जास्त महत्त्व आहे. कारण अनेकदा इथे मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकतात आणि मिठाबरोबर पाणीही जाते. शरीर कोरडे पडते आणि आवळलेल्या धमन्यांतून जे थोडेफार रक्त जात असते तेही घटते. सोडियम घसरल्याने सुस्ती आणि गोंधळलेपणाही येतो, तेव्हा रुग्ण मंद झाला तो सोडियममुळे की रक्तपुरवठ्यामुळे, हे ठरवणे अवघड होते.

इतर काही आजारांत सोडियम कमी झाले की पाणी कमी देण्याची रीत आहे. या आजारात तीच रीत घातक ठरते; पाणी तोडलेल्या रुग्णांत मेंदूचा भाग रक्ताविना मरण्याचे प्रमाण अधिक असल्याचे १९८५ सालच्या एका अभ्यासात दिसून आले, आणि तेव्हापासून मिठाचे सलाइन देऊन भरपाई करण्याकडे कल आहे. त्यामुळे ‘सोडियम कमी आहे, मग इतक्या बाटल्या का चढवता’ अशी हुज्जत तिथे घालू नका. आणि बहीण पाणी मागते म्हणून नर्सना न विचारता पाजूही नका. गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे होत नाही, हेही या आजाराने वैद्यकशास्त्राला चांगलेच शिकवले आहे. अनेक रुग्णांत मॅग्नेशियम कमी असते, म्हणून शिरेतून मॅग्नेशियम देऊन पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही. धमनी आवळणाऱ्या एन्डोथेलिन या द्रव्याला अडवणारे क्लॅझोसेंटन हे औषध आले. त्याने अँजिओग्राफीत धमन्या कमी आवळलेल्या दिसल्या; पण २०११ सालच्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती काही त्यामुळे सुधारलेली आढळली नाही. जपानने पुढे २०२२ साली त्याला मान्यता दिली, म्हणजे वाद मिटलेला नाही. मुद्दा इतकाच की रक्तात वाढलेली प्रत्येक गोष्ट आजाराचे कारण नसते. पुष्कळदा ती आजाराची सावली असते.

मग गुंतागुंत सुरू होताना कळते कशी? ते बहुतेक वेळा खाटेजवळ कळते. नर्स तासातासाने येऊन तुमच्या बहिणीला डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगत असतील, तळवे वर. कालपर्यंत दोन्ही हात सरळ राहत होते आणि आज उजवा हात हळूहळू खाली येतो, येताना तळवा आतल्या बाजूला वळतो. एवढ्याशा हालचालीवरून सीटी अँजिओग्राफीसाठी धावपळ सुरू होते. शुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केल नावाच्या मोजपट्टीवर २ गुणांची घसरण होऊन ती तासभर टिकली, आणि तिचे दुसरे कारण सापडले नाही, तर रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे समजतात. जोडीला डोक्यावर डॉप्लर लावून धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात. आणि मेंदूतील पाणी तुंबणे ही जी आणखी एक गुंतागुंत आहे, ती रक्तात नव्हे, सीटी स्कॅनवरच दिसते.

इथे तुमचा उपयोग कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक होऊ शकतो. तुमची बहीण एरवी कशी बोलते हे नर्सना ठाऊक नाही, तुम्हाला आहे. काल तिने चमच्याला चमचा म्हटले आणि आज ‘ते… ते’ म्हणत नुसता हात दाखवला, ओठांचा एक कोपरा किंचित उतरला, भेटीच्या वेळी काल पाच मिनिटे जागी होती ती आज दोन मिनिटांत झापडली, असे काही दिसले तर ‘थकली असेल’ म्हणून घरी निघू नका. त्याच क्षणी नर्सना सांगा आणि किती वाजता दिसले तेही सांगा. डॉक्टरांना भेटाल तेव्हा त्यांना ‘काय होणार’ असे विचारण्याऐवजी गेल्या तीन दिवसांचे सोडियम, डॉप्लरचा वेग वाढतो आहे की स्थिर आहे, आणि ताप असल्यास त्याचे कारण, हे विचारा. या प्रश्नांना उत्तरे आहेत, म्हणून ती मिळतीलही.

रक्ताच्या चाचणीला माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो विज्ञानापेक्षा माणसांविषयीचा आहे. एखादा भीतिदायक आकडा कागदावर छापून आला की घरातले वातावरण बदलते. कोणीतरी ज्येष्ठ ‘आता कशाला हाल करायचे’ असे म्हणतात, उपचार आखडते घेतले जातात, आणि मग भाकीत खरे ठरते ते चाचणी अचूक होती म्हणून नव्हे. मेंदूच्या आत झालेल्या रक्तस्रावाच्या (तुमच्या बहिणीचा प्रकार याहून वेगळा आहे) रुग्णांबाबत हाच धोका ओळखून, हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन न करण्याचे नवे निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत तरी पुढे ढकलावेत, असे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. तुमची बहीण तुम्हाला ओळखते आणि बोलते. आठव्या दिवशी हे लक्षण कोणत्याही नळीतल्या आकड्याहून मोलाचे आहे.

रुग्णालयाने स्वतःहून संशोधनासाठी थोडे रक्त मागितले, तर ती गोष्ट निराळी. संमतिपत्र वाचून, समजून घेऊन हवे तर द्या; या चाचण्या उद्या उपयोगी ठरायच्या असतील तर त्या अशाच नमुन्यांतून ठरतील. त्याचा निकाल मात्र तुम्हाला बहुधा कळवला जाणार नाही आणि उपचारही त्यावरून बदलणार नाहीत, एवढे धरून चाला.

शेवटचा प्रश्न तुम्ही ओघात विचारला आहे, पण पत्रातली सर्वांत गंभीर ओळ मला तीच वाटली. मेंदूच्या धमनीत फुगा आहे की नाही हे सांगणारी रक्तचाचणी नाही, त्यामुळे रक्त तपासण्यात अर्थ नाही. परंतु आई आणि बहीण अशा दोन सख्ख्या नात्यांत हा आजार असेल तर भावंडांची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे मेंदूच्या धमन्या दाखवणारी एमआरआय तपासणी, करण्याचा विचार करतात. तीत सुई टोचण्याचीही गरज बहुधा पडत नाही. आईच्या मृत्यूचे नेमके कारण तेव्हा तपासले गेले होते का, जुना एखादा कागद घरात आहे का, ते शोधा आणि बहिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. भावंडांपैकी कोणी धूम्रपान करत असेल तर त्याने ते आजपासून बंद करावे, आणि प्रत्येकाने या आठवड्यात आपला रक्तदाब मोजून घ्यावा. भाच्यालाही यात धरा. तो तिचा मुलगा असेल तर त्याच्यासाठी आई आणि आजी अशी ती दोन नावे आहेत, आणि हे त्याने त्याच डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावे.